क्लाउड गेमिंग : यंत्राचा खर्च वाचतो, मग खेळ सगळ्यांच्या आवाक्यात येतात का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग सेवा भारतात सुरू केली. त्याआधी २०२२ च्या अखेरीस जिओने जिओगेम्सक्लाउडची चाचणी आवृत्ती आणली होती, तर मार्च २०२४ मध्ये व्हीआयने साधारण शंभर रुपये महिना दराने क्लाउड प्ले बाजारात आणले. एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये आपली जीफोर्स नाऊ सेवा भारतात आणण्याची घोषणा केली. सगळ्यांच्या जाहिरातीचा सूर सारखाच आहे. महागडे यंत्र विकत घ्यायची गरज नाही, हातातला मोबाइल किंवा घरातला टीव्ही पुरेसा आहे, आता सगळे खेळ सगळ्यांसाठी.

"सगळ्यांसाठी" हा शब्द आला की आम्ही थांबून बघतो. वस्त्यांमध्ये किशोरवयीन मुलांसोबत काम करताना हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. मुले विचारतात, पन्नास हजारांचा प्लेस्टेशन आपल्याला परवडणार नाही, पण हे महिन्याच्या भाड्याने मिळणारे काय आहे? पालक विचारतात, सर, हे घेऊन दिले तर एकदाचा खर्च मिटेल की दर महिन्याला खिसा कापला जाईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर जाहिरातीत नाही, ते हिशेबात आहे. तो हिशेब या लेखात मांडत आहोत.

खेळांवर इतका विचार कशाला, असेही कोणी म्हणेल. पण व्हिडिओ गेम हा आज केवळ वेळ घालवण्याचा उद्योग उरलेला नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. म्हणजे सरकार याकडे रोजगाराचे क्षेत्र म्हणून पाहते आहे. ज्या मुलाने किंवा मुलीने चांगला खेळ कधी हाताळलाच नाही, तो कसा रचला असेल याचा विचार कधी केलाच नाही, ते या क्षेत्राच्या दारापर्यंत पोहोचणार कसे? सिनेमा न पाहता कोणी दिग्दर्शक होत नाही. त्यामुळे खेळ कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, हा संधीच्या वाटपाचाही प्रश्न आहे.

क्लाउड गेमिंग म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या पद्धतीत खेळ तुमच्या घरातल्या यंत्रावर चालतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक खेळातले प्रत्येक दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने तयार करतो. हे काम जड असते, म्हणून यंत्र महाग असते.

क्लाउड गेमिंगमध्ये हे जड काम कंपनीच्या डेटा सेंटरमधले संगणक करतात. तुम्ही बटण दाबता, तो संदेश इंटरनेटवरून तिकडे जातो, तिथला संगणक पुढचे दृश्य बनवतो, त्याचा व्हिडिओ करून तुमच्याकडे पाठवतो आणि तुमच्या पडद्यावर ते दिसते. म्हणजे तुमचा मोबाइल फक्त दोन कामे करतो : बटणाचा संदेश पाठवणे आणि आलेला व्हिडिओ दाखवणे. त्यामुळे साधा फोनही चालतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. यूट्यूबवर सिनेमा पाहताना फोन पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. मध्ये दहा सेकंद नेट गेले तरी सिनेमा चालू राहतो. खेळात तसे होऊ शकत नाही. पुढच्या क्षणी तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कोणालाच आधी माहीत नसते. त्यामुळे पुढचे दृश्य आधी बनवून साठवता येत नाही. नेट क्षणभर अडकले की खेळ तिथेच अडकतो. म्हणून क्लाउड गेमिंगला नुसते वेगवान नेट पुरत नाही, ते सलग आणि स्थिर लागते.

हे वचन नवे नाही

"यंत्र नको, फक्त नेट हवे" ही घोषणा पंधरा वर्षे जुनी आहे. अमेरिकेत ऑनलाइव्ह नावाची सेवा जून २०१० मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये ती आर्थिक संकटात सापडली, मोठी कर्मचारीकपात झाली, आणि ३० एप्रिल २०१५ रोजी ती बंद पडली. तिचे पेटंट सोनीने विकत घेतले. सोनीने त्याआधीच, २०१२ मध्ये, गायकाई ही दुसरी कंपनी ३८ कोटी डॉलरला घेतली होती.

सर्वांत गाजलेले उदाहरण गूगल स्टेडियाचे. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी चौदा देशांत ती सुरू झाली, भारत त्यात नव्हता. गूगलकडे पैसा होता, तंत्रज्ञान होते, जगभर डेटा सेंटरे होती. तरीही १८ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे अवघ्या तीन वर्षे दोन महिन्यांत, ती बंद झाली. गूगलने ग्राहकांना त्यांच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे आणि उपकरणांचे पैसे परत केले, हे त्यांचे श्रेय. पण तसे पैसे परत करण्याची कोणावर सक्ती नव्हती, आणि पुढची कंपनी तसे करेलच असे नाही.

या अपयशांमागे एक समान कारण दिसते. डेटा सेंटरमधला संगणक काही फुकट मिळत नाही. तुम्ही खेळत असताना तिथल्या एका शक्तिशाली यंत्राचा वाटा तुमच्यासाठी अडकलेला असतो. एकच सिनेमा साठवून लाखो लोकांना पाठवता येतो, पण खेळ प्रत्येकासाठी वेगळा तयार करावा लागतो. संध्याकाळी सगळे एकदम खेळायला येतात, तेव्हा सगळ्यांना पुरतील इतकी यंत्रे हवीत. ती पहाटे रिकामी पडून राहतात, पण त्यांचा खर्च थांबत नाही. हा खर्च शेवटी ग्राहकाकडूनच वसूल होतो. दर वाढवून, रांगेत उभे करून किंवा तास मोजून. जीफोर्स नाऊच्या मोफत योजनेत एका वेळी एकच तास खेळता येते आणि गर्दी असेल तर वाट पाहावी लागते. पैसे भरणाऱ्यांनाही त्यांनी २०२५ पासून महिन्याला शंभर तासांची मर्यादा घालायला सुरुवात केली.

यंत्र महाग असते, ही अडचण क्लाउडने नाहीशी केली नाही. यंत्र कंपनीच्या घरी गेले आणि त्याचे भाडे आपल्या घरी आले.

पैशांचा हिशेब

आता आकडे पाहू. प्लेस्टेशन ५ ची डिस्क नसलेली आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये भारतात ४४,९९० रुपयांना आली. या यंत्रावरचा मोठा नवा खेळ साधारण चार ते पाच हजारांना मिळतो. समजा एका कुटुंबाने हे यंत्र पाच वर्षे वापरले आणि त्या काळात चार हजारांचे पाच खेळ घेतले. एकूण खर्च साधारण ६५,००० रुपये.

दुसरीकडे एक्सबॉक्सच्या गेम पासचे भारतातले दर ऑक्टोबर २०२५ मध्ये असे जाहीर झाले : इसेन्शियल ४९९ रुपये महिना, प्रीमियम ६९९ आणि अल्टिमेट १,३८९. पाच वर्षांचे, म्हणजे साठ महिन्यांचे मिळून इसेन्शियलचे २९,९४० होतात, प्रीमियमचे ४१,९४० आणि अल्टिमेटचे ८३,३४०. सर्वांत वरची योजना पाच वर्षे भरली तर यंत्र आणि पाच खेळ घेण्यापेक्षाही अठरा हजारांनी महाग पडते. सर्वांत खालची योजना मात्र निम्म्याहून कमी खर्चात बसते. फरक इतकाच की तिथे खेळ कमी मिळतात.

पण हिशेब इथे संपत नाही. क्लाउडसाठी नेट लागते. घरात फायबर नसेल तर ते घ्यावे लागेल. जिओफायबरची ३० एमबीपीएसची ३९९ रुपयांची योजना कर धरून साधारण ४७१ रुपयांना पडते. साठ महिन्यांचे झाले २८,२६०. ते इसेन्शियलच्या रकमेत मिळवा : ५८,२००. म्हणजे ६५,००० च्या जवळपास आलोच. शिवाय बहुतेक मोठे खेळ बोटाने पडद्यावर खेळणे कठीण, त्यासाठी कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. ज्या घरात फायबर आधीच आहे, अभ्यासासाठी किंवा कामासाठी ते वापरले जातेच आहे, त्या घराला क्लाउड गेमिंग खरोखर स्वस्त पडते. ज्या घरात ते नाही, तिथे बचत जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याचा जास्त फायदा, आणि ज्याच्याकडे नाही त्याचा कमी. विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे आहे.

तरीही हप्त्याच्या स्वरूपाचे एक मोल आहे, ते नाकारू नये. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात एकदम पंचेचाळीस हजार उभे राहत नाहीत, पण सुट्टीच्या एका महिन्यात पाचशे रुपये निघू शकतात. मे महिन्यात घ्यायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की बंद करायचे, ही सोय यंत्र विकत घेण्यात नाही. वर्षातून दोन महिने इसेन्शियल घेतले तर खर्च हजाराच्या आत. अशा वापरात क्लाउड गेमिंग नि:संशय परवडते. घोटाळा होतो तो बंद करायचे विसरल्यावर.

आणखी एक जोखीम लक्षात ठेवावी. भाडे ठरवणारा मालक ते वाढवूही शकतो. अल्टिमेट योजनेचा भारतातला दर ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ८२९ वरून एकदम १,३८९ वर गेला. विकत घेतलेल्या यंत्राची किंमत मागाहून कोणी वाढवून मागत नाही.

दीड जीबीत वीस मिनिटे

फायबर नसेल तर मोबाइल डेटावर खेळता येईल का? वस्त्यांमधल्या बहुतेक मुलांसाठी खरा प्रश्न हाच आहे, कारण त्यांच्या घरी वायफाय नाही.

एक्सबॉक्सच्या क्लाउड सेवेला मोबाइलवर किमान १० एमबीपीएस वेग लागतो. जीफोर्स नाऊला साध्या चित्रासाठी १५ आणि फुल एचडीसाठी २५. आता हे एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आपला डेटा पॅक मोजला जातो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १० एमबीपीएसचा पूर्ण वापर झाला तर सेकंदाला सव्वा एमबी, तासाला साडेचार जीबी. रोज दीड जीबी देणाऱ्या प्रीपेड पॅकमध्ये हा खेळ चालेल वीस मिनिटे. दोन जीबीच्या पॅकमध्ये सव्वीस-सत्तावीस मिनिटे. त्यानंतर दिवसभर घरात कोणालाच नेट नाही, आणि त्याच फोनवर आईला बचत गटाचा निरोप यायचा असतो, धाकट्या बहिणीला शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ पाहायचा असतो.

अमर्याद ५जी हा उपाय सांगितला जातो. तो खराही आहे, पण त्याला अटी आहेत. हातात ५जी फोन हवा, वस्तीत ५जीची रेंज हवी आणि बहुधा रोज दोन जीबी किंवा त्याहून वरचा पॅक हवा. दाटीवाटीच्या वस्तीत, पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या खोलीत, आतल्या गल्लीत रेंज कशी मिळते हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. संध्याकाळी सगळे एकाच टॉवरवर आले की वेग घसरतो, आणि खेळायची वेळही तीच असते.

अंतराचे गणित

क्लाउड गेमिंगमध्ये आणखी एक अदृश्य भिंत आहे, ती म्हणजे विलंब. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ऐकायला प्रचंड वाटते. पण डेटा सेंटर हजार किलोमीटरवर असेल तर संदेश जाऊन परत यायला किमान दहा मिलिसेकंद लागतात. मध्ये लागणारी उपकरणे, व्हिडिओ बनवणे, तो उलगडणे आणि घरातले वायफाय यांचा वेळ त्यात मिळवावा लागतो. सेकंदाला साठ दृश्ये असलेल्या खेळात एक दृश्य सतरा मिलिसेकंदांहून कमी टिकते. म्हणून एनव्हिडिया सांगते की विलंब ऐंशी मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि चाळीसच्या आत असल्यास उत्तम.

कोडी सोडवण्याचे, गोष्ट सांगणारे किंवा डावपेचाचे खेळ थोड्या विलंबाने बिघडत नाहीत. पण मारामारीचे, गोळीबाराचे किंवा शर्यतीचे खेळ, विशेषतः समोर खरा प्रतिस्पर्धी असताना, बिघडतात. तुम्ही बटण वेळेवर दाबता आणि तरी हरता. मुलांना वाटते आपल्यालाच जमत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये उतरू पाहणाऱ्या मुलाने याकडे लक्ष द्यावे.

आपल्या देशातली डेटा सेंटरे मुंबई, नवी मुंबई, चेन्नई अशा मोजक्या शहरांभोवती एकवटली आहेत. त्यामुळे ऐरोलीतल्या फायबरवाल्या फ्लॅटमधल्या मुलाला मिळणारा अनुभव आणि गडचिरोलीतल्या तालुक्याच्या गावात मिळणारा अनुभव एकाच पैशात एकसारखा असणार नाही. आणि ऐरोलीतच, डेटा सेंटरच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, अशा झोपडपट्ट्या आहेत जिथे फायबरची जोडणी मिळवणे सोपे नाही. अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, ते इथे कळते.

फोन घरात आहे, पण कोणाच्या हातात?

डच अभ्यासक यान व्हॅन डाइक यांनी २००५ मधल्या आपल्या पुस्तकात डिजिटल दरीचे चार टप्पे सांगितले : इच्छा, साधन, कौशल्य आणि प्रत्यक्ष वापर. आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच टप्प्यावर थांबतो. साधन पोहोचले की दरी भरली असे समजतो.

साधनाचेच पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातल्या केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के. त्यानंतर घराघरात आला तो मोबाइल, संगणक नव्हे. म्हणून क्लाउड गेमिंग मोबाइलवर चालते ही गोष्ट कागदावर तरी महत्त्वाची ठरते.

पण प्रत्यक्ष वापर पाहिला की चित्र बदलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेले होते, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते. घरातला एकच चांगला फोन असेल तर तो आधी वडिलांकडे, मग मुलाकडे जातो. मुलीच्या हातात आला तर "काय बघतेस" हा प्रश्न सोबत येतो. खेळण्यासाठी मागितला तर तो मिळतच नाही. मुलाने खेळले तर छंद, मुलीने खेळले तर उनाडपणा. हे कोणतेही क्लाउड दुरुस्त करणार नाही. ते आपल्याला घरातच दुरुस्त करावे लागेल.

आणि खरे सांगायचे तर वस्तीतली मुले खेळांपासून वंचित नव्हतीच. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा किती घरांत हळहळ झाली, हे अनेकांना आठवत असेल. फ्री फायर मॅक्स असो वा बीजीएमआय, हे खेळ फुकट मिळतात आणि स्वस्त फोनवर चालतात. दहा हजारांच्या फोनवर खेळणाऱ्या मुलाला क्लाउड गेमिंग काही नवीन देत असेल तर ते आहे वैविध्य : गोष्ट असलेले, जग उभे करणारे, शेवट असलेले खेळ, ज्यात दर पाच मिनिटांनी नवा पोशाख विकत घ्या असे कोणी सांगत नाही. हे मोल लहान नाही. फुकट खेळांचा धंदा मुलांच्या चिकटून राहण्यावर आणि छोट्या छोट्या खरेदीवर चालतो. त्यापेक्षा ठरावीक पैसे देऊन पूर्ण खेळ खेळणे अनेकदा निकोप ठरते.

अपंग खेळाडूंसाठी काय?

सुलभता म्हणजे फक्त किंमत नव्हे. हाताची हालचाल मर्यादित असलेल्या, कमी दिसणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला खेळता येणे, हाही तिचा अर्थ आहे. इथे क्लाउडची एक बाजू भक्कम आहे. जड यंत्र आणि ठरावीक टीव्हीसमोर बसण्याची सक्ती राहत नाही. पलंगावर पडून, हलक्या टॅबवर खेळता येते. एका जागी सोडलेला खेळ दुसऱ्या उपकरणावर तिथूनच पुढे नेता येतो.

दुसरी बाजूही आहे. व्हिडिओ दाबून पाठवला जातो, त्यामुळे नेट कमी पडले की बारीक अक्षरे पुसट होतात. मोबाइलच्या लहान पडद्यावर ती आधीच वाचायला कठीण असतात. आपल्या संगणकावर माणूस मदतीचे वेगळे सॉफ्टवेअर टाकू शकतो, पण कंपनीच्या दूरच्या यंत्रावर ते टाकता येत नाही. त्यामुळे सोयी खेळातच असाव्या लागतात. २०२० मधल्या द लास्ट ऑफ अस पार्ट टू या खेळात साठहून अधिक सुलभता पर्याय दिले होते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये खास अपंग खेळाडूंसाठी अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. सुलभता येते ती अशा रचनेतून. क्लाउड तिला मदत करू शकते, तिची जागा घेऊ शकत नाही.

कॅसेट उसनी देता येत होती

आज तिशीत असलेल्या आमच्या पिढीला सामुराई आणि मीडियाचे टीव्हीला जोडायचे खेळयंत्र आठवत असेल. गल्लीत एखाद्याकडेच ते असे, पण मारिओ आणि कॉन्ट्रा सगळी गल्ली खेळे. कॅसेट उसनी मिळे, बदलून मिळे. नंतर सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन चौघे मिळून खेळत. गरिबांना खेळ मिळाला तो वाटून घेतल्यामुळे.

क्लाउड सेवेत वाटून घेण्याची हीच वाट अरुंद होते. तिथे खेळ तुमचा नसतो. तो शेजाऱ्याला देता येत नाही, जुना झाल्यावर विकता येत नाही, धाकट्या भावासाठी ठेवता येत नाही. कंपनीचा आणि खेळ बनवणाऱ्यांचा करार संपला की तो यादीतून निघून जातो. २०२० मध्ये जीफोर्स नाऊवरून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डचे आणि बेथेस्डाचे अनेक खेळ असेच काढले गेले होते.

हा दोष एकट्या क्लाउडचा नाही. युबीसॉफ्टने द क्रू या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे देऊन तो विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यातून ग्राहकांची मोठी मोहीम उभी राहिली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडेही ग्राहक चळवळीने हा विषय हाती घ्यावा असे आम्हाला वाटते.

पैसे लावायचे खेळ आणि हे खेळ

पालकांच्या मनात एक गोंधळ असतो, तो दूर करू. ऑनलाइन रमी किंवा पैसे लावून खेळायचे इतर खेळ वेगळे आणि क्लाउड गेमिंग वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. त्याने पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्स आणि पैज नसलेले सामाजिक खेळ यांना मान्यता दिली. ठरावीक वर्गणी भरून खेळ खेळणे हे पैज लावणे नाही. तेव्हा मुलाने वर्गणी मागितली तर तो जुगाराला लागला असे समजून मारझोड करू नका. आणि कोणी "खेळा आणि जिंका" म्हणत पैसे भरायला सांगत असेल, तर ते क्लाउड गेमिंग नव्हे हेही ओळखा.

घ्यायचे असेल तर

आमचा अनुभव आणि वरचा हिशेब पाहता काही सूचना कराव्याशा वाटतात.

एक, आधी नेट तपासा. खेळायच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, फोनवर वेग मोजून पाहा. वीस एमबीपीएस सलग मिळत नसेल तर पैसे भरण्यात अर्थ नाही. घरच्या तीस एमबीपीएसमधले वीस खेळाने घेतले तर बाकी सगळ्यांना दहाच उरतात, हेही बोलून ठरवा.

दोन, सर्वांत खालची योजना एका महिन्यासाठी घ्या. एकाच खेळासाठी अल्टिमेट घेऊ नका.

तीन, आपोआप पैसे कापण्याची परवानगी विचारपूर्वक द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि थांबवण्याची सोय असली पाहिजे. तो संदेश वाचत चला. यूपीआयवरचे ऑटोपे फोनमधूनच बंद करता येते.

चार, मुलाला किंवा मुलीला खेळ बनवायला शिकायचे असेल तर वर्गणीपेक्षा जुना संगणक बरा. क्लाउडवर खेळता येते, पण आतले काही उघडून पाहता येत नाही. गोडो आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअरे फुकट आहेत, त्यांवर खेळ आणि त्रिमितीय चित्रे बनवता येतात. गोडो तर साध्या संगणकावरही चालते. पाच वर्षांची वर्गणी जितकी होते, तितक्यात एक बऱ्यापैकी वापरलेला संगणक येतो आणि तो अभ्यासालाही लागतो.

पाच, एकेका घराने करण्यापेक्षा मिळून करा. अनेक विहारांत आणि समाजमंदिरांत आता अभ्यासिका आहेत, काही ठिकाणी वायफायही आहे. तिथे एक टीव्ही, दोन कंट्रोलर आणि रविवारची दोन तासांची वेळ ठरवली, मुलींसाठी वेगळी वेळ राखून ठेवली, तर कितीतरी मुलांना चांगले खेळ पाहता येतील. मात्र सेवेच्या अटींत सार्वजनिक वापराला परवानगी आहे का हे आधी वाचून घ्यावे. नसेल तर विकत घेतलेले जुने यंत्र आणि डिस्क हा मार्ग आहेच.

थोडक्यात, क्लाउड गेमिंगने खेळांची दाराशी लागणारी किंमत कमी केली आहे, हे खरे. ज्यांच्याकडे स्थिर नेट आहे आणि जे थोडे दिवस, मोजून-मापून वापरतात, त्यांना ते परवडते. ज्यांच्याकडे नेट नाही, ज्यांचा फोन चौघांत वाटलेला आहे, त्यांच्यासाठी ते अजून जाहिरातच आहे. त्यांना हवे आहे ते वस्तीत पोहोचणारे फायबर, सार्वजनिक ठिकाणचे वायफाय, चालू स्थितीतला शाळेतला संगणक आणि मुलीच्या हातात विश्वासाने दिलेला फोन. या मागण्या गेमिंग कंपनीकडे करायच्या नसतात. त्या ग्रामपंचायतीकडे, नगरसेवकाकडे, शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे आणि आपल्या स्वतःच्या घरात करायच्या असतात.